दादा एकाएकी गरीब झाला

माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. आत्या गेल्या वर्षी गेली, तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही. गुरांच्या बाजारात सतरा वर्षं ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्यांच्यापैकी एकाच्याही कानावर मी हे घातलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझं तोंड पाहिलेलं नाही — आणि मी तुमचं. एवढंच कारण असेल का? पुढे आणखी एखादं सापडलं तर तेही सांगेन.

मी हेडी आहे. म्हणजे बैल घेणारा-विकणारा. आमचा भाव तोंडानं ठरत नाही. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका उपरण्याखाली जातो आणि बोटं बोलतात. वरून दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत असतात, शिव्याही देत असतात. मी जरा जास्तच देतो — माझा राग सगळ्या बाजारात प्रसिद्ध आहे, आणि त्यातला अर्धा मी मुद्दाम वापरतो. पण खरं काय ते उपरण्याखाली. बोट किती घट्ट दाबलं, किती उशिरा दाबलं, यावरून समोरच्याची गरज कळते. तोंडाला खोटं बोलता येतं, डोळ्यांनाही येतं. बोटांना ते अजून नीट जमलेलं नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मला समजलं नव्हतं असं तुमच्या मनात येणार नाही.

आता वाटेचं सांगायला हवं. सांगताना आजही माझं डोकं तापतं, ते लपवत नाही.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांनी वाटणी केली तेव्हा रस्त्याकडचं रान दादाच्या वडिलांकडे गेलं, मागचं आमच्याकडे आलं. मागच्या रानात जायची वाट पुढच्या रानातून — हे तोंडी ठरलेलं. भावाभावांत कागद कोण करतो? दोघे म्हातारे होते तोवर वाट चालली. माझे वडील गेले आणि त्याच उन्हाळ्यात दादानं वाट नांगरली. तोंडाशी बाभळीच्या काट्या लावल्या. पेरणीच्या दिवशी मी बैलजोडी घेऊन गेलो, तर हा काट्यांच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा. मी म्हटलं, दादा, जाऊ कुठून? म्हणाला, "पंख लाव अन् उडत जा."

त्या वर्षी माझं रान पडीक राहिलं. मी बाजारात जाऊन दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरायला लागलो. तिथून पुढचं सगळं — घर, गाडी, चार माणसांत मिळणारा मान — माझ्या जिभेनं आणि माझ्या नखांनी कमावलेलं आहे. पण स्वतःच्या शेतात जायला मला बांधावरून, तोल सांभाळत, एकेक पाऊल टाकत जावं लागे. कापसाचं गाठोडं डोक्यावर. चौदा वर्षं. तहसीलमध्ये अर्ज दिला, पाहणी झाली. दादा साहेबांसमोर गोड हसून म्हणाला, "वाट हाय की साहेब, बांधावरनं. आमचा हेड्या रोज जातोय." हेड्या. माझं नाव त्यानं त्या वर्षापासून कधी घेतलं नाही. लग्नात, मयतीत, चारचौघांत — हेड्या. "हेड्या, तू बैलाचे दात बघ, रानाचं तुला काय कळतंय."

वाट माझी होती. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

आणि एक शब्द सांगायचा राहिला. आमच्या धंद्यात शांत जनावराला गरीब म्हणतात. मारत नाही, लाथ झाडत नाही, पोरानं दावं धरलं तरी मागे येतं — ते गरीब. नवीन होतो तेव्हा मी एक बैल पाहिला होता. मारका म्हणून नावाजलेला. ट्रकमधून आणताना घसरला, शिंगाच्या मुळाशी मार बसला, आणि खाली उतरवला तर एकदम गरीब. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, कुणीही हात लावावा. मला वाटलं, स्वस्तात सोनं मिळालं. ज्या म्हाताऱ्या हेड्याच्या हाताखाली मी शिकलो, त्यानं मला बाजूला ओढलं. म्हणाला, "खोडीचं जनावर एकाएकी गरीब झालं का घ्यायचं न्हाई, येड्या. सुदारलं न्हाई ते. डोक्यात मार हाय." तिसऱ्या दिवशी तो बैल बसला तो उठला नाही.

मग आता तुम्हीच सांगा — मला कळलं नव्हतं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडीचे दिवस होते. आमची आत्या दिंद्रुडला दिलेली. आमच्या दोघांच्या बापांची एकुलती बहीण. तिचा शब्द दादाही मोडत नसे. तिनंच निरोप धाडला की मी मरायच्या आत हा वाटेचा गुंता सोडवा, माझ्या दारात बसून बोला. पण तिनं अट घातली. "एका गाडीतून याल तर दार उघडीन. दोन गाड्या दिसल्या तर कडी लावून घेईन." म्हणून दादा माझ्या गाडीत बसला. नाहीतर बसला असता का? सकाळचे नऊ वाजले असतील. मी पट्टा लावायला सांगितलं. तो म्हणाला, "बैल हाय का मी, दावं बांधायला?"

गावाची शीव ओलांडायच्या आत आमचं जुंपलं. तो म्हणाला, आत्याच्या शब्दासाठी येतोय, वाट देणार न्हाई. मी म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता. बोलता बोलता, रागाच्या भरात, मी तो ओलांडायला निघालो. समोरून एसटी आली. मी ब्रेक दाबून परत ट्रॉलीच्या मागे घुसलो, गाडी डावीकडे रस्ता सोडून खाली उतरली आणि कडुलिंबाच्या खोडावर आदळून थांबली. मला काही झालं नाही. दादाचं डोकं दरवाज्याच्या खांबावर आपटलं. तो आवाज — नारळ फोडायच्या आधी दगडावर एकदा आपटून बघतात ना? तसा.

त्याचे डोळे उघडे होते, पण तो पाहत नव्हता. मिनिट, दोन मिनिटं असतील. मी गालावर मारलं, पाणी शिंपडलं. मग त्यानं मान हलवली आणि उठून बसला. रक्त नाही. डाव्या कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ.

ट्रॅक्टर थांबला होता. ट्रॉलीवरची माणसं उतरली. त्यांच्यात एक पन्नाशीची बाई होती. हातात कोयता तसाच. शिरूर कासारकडच्या टोळीतली. तिनं दादाच्या तोंडाकडे वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "अण्णा, डोक्याचा मार हाय. रगत न्हाई आलं म्हणून हुरळून जाऊ नका. आमच्यातला एकजण ट्रॉलीवरनं पडलता, हसत उठला अन् सांजच्याला गेला. आदी दवाखान्यात न्या. अन् झोपू देऊ नका."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तू डाक्टर हायस का? जा, ऊस तोड."

तिनं राग धरला नाही. "डाक्टर न्हाई बाबा. बगितलंय म्हून सांगितलं," एवढं बोलून ती पुन्हा ट्रॉलीवर चढली.

गाडीचं तोंड चेपलं होतं, पण ती चालत होती. निघालो. थोड्या वेळानं दादानं विचारलं, "कुठं चाललोत रे आपण?" मी म्हटलं, आत्याकडं. "हां हां," म्हणाला. एक गाव मागे पडलं. "कुठं चाललोत रे आपण?" मला वाटलं, खोड काढतोय. चिडून म्हणालो, आत्याकडं, दिंद्रुडला, वाटेचं बोलायला. त्यानं मान डोलावली. मग पुन्हा — त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारतोय असं — "कुठं चाललोत आपण, बाळू?"

बाळू. माझं लहानपणचं नाव. चौदा वर्षांत ते त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. हेड्या नाही — बाळू. मला बरं वाटलं, हे खरं आहे. पण त्याच क्षणी माझ्यातला दुसरा माणूसही जागा झाला, हेही खरं आहे.

तो म्हणाला डोकं लई ठणकतंय, ऊन डोळ्यांत खुपतंय. गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली. मी पाठीवर हात फिरवला. सकाळी पोहे खाल्ले असतील, असं मनाशी म्हणालो. मनाशी! मनालाही पटवायला लागलो होतो, म्हणजे मनाला माहीत होतं. माजलगाव वाटेतच होतं. दवाखान्यांचे फलक रस्त्यावरून दिसतात. एकाचं नाव मी पूर्ण वाचलं, गाडी हळू केली, इंडिकेटरही दिला. आणि तेव्हा दादा बोलला.

"बाळू, तुला वाट पायजे का? घे की मग."

असं, सहज. शेजारच्याला विळा मागितल्यावर द्यावा तसं.

मी इंडिकेटर बंद केला.

तुम्ही विचाराल, आनंद झाला का. झाला. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. चौदा वर्षं दगडावर डोकं आपटत होतो आणि दगड आपण होऊन बाजूला सरकला. पण आनंदाच्या मागोमाग, दोन पावलांवर, तो म्हातारा हेडीही आला. खोडीचं जनावर एकाएकी गरीब झालं. मी त्याला पाहिलं, ओळखलं आणि मागे ढकललं. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. आत्यासमोर एकदा शब्द होऊ दे, मग सरळ दवाखाना.

आत्याच्या दारात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. चेपलेली गाडी पाहून तिनं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, किरकोळ आहे, झाडाला घासली. दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसला. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणतो, कागद-पेन घेऊन आले. आत्यानं बोलायची तयारी केली होती — बापाची शपथ, भावाची आठवण, सगळं. काही लागलंच नाही. ती म्हणाली, दे त्याला वाट. दादा म्हणाला, हो. आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "आज साखर खाऊन आलाय का रे ह्यो?" म्हणाली आणि हसली. मामाही हसले. दादाही हसला, जरा उशिरा. मीपण हसलो.

पुढचं सांगताना बोटं अडखळतात. मी बैलगाडीची वाट मागायला आलो होतो. तो हो म्हणाला. मग मी म्हटलं, ट्रॅक्टर जाईल एवढी हवी. हो. मग म्हटलं, दोन ट्रॉल्यांसकट वळेल एवढी. हो. म्हटलं, विहिरीच्या बाजूनं सरळ काढू, वळसा नको. ती त्याची चांगली जमीन, तिथे तो भाजी लावायचा. हो. मी का वाढवत गेलो? वाट तर मिळाली होती. सौद्यात समोरचा अडत नाही तोवर मागत जायचं, ही हाताला लागलेली सवय — असं म्हणता येईल. पण ते अर्धंच खरं आहे. मी त्याला तपासत होतो. जनावराच्या बरगडीत बोट खुपसून बघतात, कातडी हलते का. चौथा हो आला तेव्हा माझी खात्री झाली. हा माणूस इथे नाही. हे कळलं तेव्हाच मी मामांना म्हणालो, "लिहा."

शब्द झाल्यावर हातावर हात द्यायची आमची रीत. मी हात पुढे केला, दादानं उजवा हात माझ्या हातात दिला. दिला म्हणजे, ठेवला. सतरा वर्षं मी बोटं वाचत आलो आहे. नाही म्हणणारी बोटं, घाबरलेली बोटं, घरात लग्न आहे म्हणून घाई असलेली बोटं. त्या हाताला काही म्हणायचंच नव्हतं. मी दाबलं, तर उलट दाब आला नाही. पाण्यात भिजलेल्या फडक्यासारखा हात. मी तो जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. आत्याला वाटलं, मला भरून आलंय. तिनं डोळ्यांना पदर लावला.

सहीसाठी पेन दिलं, तर ते त्याच्या बोटांतून घसरलं. पुन्हा दिलं, पुन्हा घसरलं. दादाची सही गावात नावाजलेली, लांबलचक, खाली दोन रेघा ओढलेली. आत्या म्हणाली, "सही कावून करीना ह्यो?" मी म्हटलं, हाताला मुका मार लागलाय सकाळी, अंगठा घेऊ. मामांच्या घरात शाईचा डबा निघाला. त्याचा अंगठा मी माझ्या हातानं धरला, शाईत बुडवला, कागदावर टेकवला. दादानं शाई लागलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कुठं जायचंय आपल्याला?"

हे सगळं उरकायला अकरा वाजले. लक्षात ठेवा — अकरा. माझी गाडी दारात उभी होती. माजलगाव जवळ. मग मी का उठलो नाही?

इथवर आलो आणि थांबावंसं वाटतंय. आतापर्यंत सांगितलं ते हावरटपणात बसतं. लोभानं डोळे झाकले म्हणता येतं. आता सांगतो ते त्यात बसत नाही.

मी हिशेब घातला. आत्ता याला उचलून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणणार डोक्यात रक्तस्राव आहे, सकाळपासूनचा आहे. दादाचा मेव्हणा कोर्टात कारकून आहे. तो पहिलाच प्रश्न विचारणार — अंगठा दिला तेव्हा माणूस शुद्धीवर होता का? कागद तिथेच फाटणार. म्हणजे अंगठा आणि आजार यांच्यामध्ये वेळ जायला हवा होता. जेवण व्हायला हवं होतं. चार माणसांनी त्याला हसताना, बोलताना, निजताना पाहायला हवं होतं. मला दादा मरायला नको होता — हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. मला फक्त वेळ हवा होता. तो मी त्याच्या डोक्यातून घेतला.

आत्यानं जेवायला वाढलं. दादानं दोन घास घेतले, तेही डाव्या हातानं. मग म्हणाला, मला पडू दे. आतल्या खोलीत सतरंजीवर तो आडवा झाला. कोयता घेतलेली ती बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली — म्हणजे खरी नव्हे, पण उभी राहिली. झोपू देऊ नका. मी उशी आणून दिली.

दुपारभर मी दाराशी बसून होतो. आत्याला वाटलं, भावाच्या उशापायथ्याला बसलाय, चौदा वर्षांनी. मी त्याचा श्वास ऐकत होतो. आधी साधा होता. मग घोरणं सुरू झालं. मग घोरण्यात खंड पडायला लागला. ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. आत्या दोनदा येऊन गेली. "उठव की त्याला, चा टाकते." मी दोन्ही वेळा म्हणालो, झोपू दे, थकलाय. दुसऱ्यांदा ती दारात जरा रेंगाळली. म्हणाली, "असं घोरत नव्हता रे ह्यो कधी." मी म्हणालो, वय झालं आत्या. ती परत गेली.

चारला मी आत गेलो. हाक मारली. हलवलं. चिमटा काढला. मग बैलाची बघतो तशी त्याची पापणी अंगठ्यानं वर केली. एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती आणि दुसऱ्यातली लहान. तेव्हा मात्र मी ओरडलो. ते ओरडणं खोटं नव्हतं. सगळी गल्ली जमा झाली.

माजलगावला डॉक्टरांनी हात लावला आणि पुढे पाठवलं. बीडला पोचेपर्यंत मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. लोक त्याचंच कौतुक करतात. तिथे मेंदूचं स्कॅन काढलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि एकेक विचारायला लागले, पेन हातात घेऊन. मार लागल्यावर शुद्ध हरपली होती? नाही. उलटी झाली? नाही. तोच तोच प्रश्न विचारत होता का? नाही. वागण्यात काही बदल वाटला — चिडका माणूस शांत झाला, असं काही? नाही. एखादा हात लुळा पडला, वस्तू हातातून पडली? नाही. गुंगी कधीपासून? मी म्हणालो, चारपासून. त्याआधी ठणठणीत होता. बोलला, हसला, जेवला.

त्यांनी जे जे विचारलं ते ते सगळं मी पाहिलेलं होतं. क्रमानं. जणू ते माझ्याच गाडीत मागे बसून आले होते. डॉक्टरांनी स्कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी जुळत नाही असं त्यांना वाटलं असावं. पण समोरचा माणूस रडत होता. मी खरंच रडत होतो. त्यांनी लिहिलं — चारपासून.

ऑपरेशन झालं. दादा वाचला. वाचला म्हणजे श्वास चालू राहिला, पोट भरतं, धरून चालवलं तर चालतो. उजवा हात छातीशी मुडपलेला. आणि बोलणं गेलं. पूर्ण नाही, चार-सहा शब्द उरले, तेही वाटेल तिथे पडतात. पाणी हवं असेल तर "बैल" म्हणतो, आणि आपण चुकीचं बोललो हे त्याला कळतं, आणि मग डोळ्यांत पाणी येतं. ज्याच्या जिभेला सगळा गाव भ्यायचा, तो माणूस. सकाळी दहालाच नेलं असतं तर तो धडधाकट राहिला असता का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत होणार नाही. ज्याला सांगता आलं असतं त्या डॉक्टरला मी खरं सांगितलं नाही.

कागद टिकला. मेव्हण्यानं कुरकुर केली, पण आत्या आणि मामा सांगायला उभे राहिले की अंगठा दिला तेव्हा तो हसत होता, जेवला, मग निजला. खरंच सांगत होते ते. जेसीबी लावून मी वाट काढली. विहिरीच्या बाजूनं, सरळ. दोन ट्रॉल्या वळतात.

मी वाट सोडली नाही. तुम्हाला वाटलं असेल, पुढे येईल — कागद फाडला, काट्या परत लावल्या, पाय धरले. तसं काही झालेलं नाही. यंदाचा कापूस त्याच वाटेनं आला.

वहिनीचं सांगतो आणि संपवतो. दादाची बायको. ती पहिल्या दिवसापासून म्हणते, भावजी व्हते म्हणून कुंकू राहिलं. सणाला पहिलं ताट माझ्याकडे पाठवते. पाहुण्यांत माझं उदाहरण देते — चौदा वर्षांचं वैर, पण वेळ आल्यावर रक्तानं रक्त ओळखलं. मी ते ऐकून घेतो. सुरुवातीला उठून जायचो, आता बसून ऐकतो.

गेल्या महिन्यात दादाच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही तिघं बीडला गेलो होतो. टेबलामागच्या डॉक्टर बाईंनी जुनी कागदपत्रं चाळली आणि विचारलं, मार लागल्यानंतर त्रास नेमका कधी सुरू झाला. घाई नव्हती त्यांना. पेन थांबवून बसल्या होत्या. त्या दिवशी कागद धोक्यात नव्हता, मेव्हणा नव्हता, आत्या नव्हती. खोलीत आम्ही चौघंच. बोललो असतो तर बोलता आलं असतं. माझ्या आधी वहिनीच बोलली. "चारपासनं, मॅडम. तवर चांगले व्हते. भावजी त्यांच्यापाशीच बसून व्हते दुपारभर. इचारा त्यांला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दादा वहिनीच्या आणि माझ्या मध्ये खुर्चीत बसला होता. त्यानंही मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो. चारपासनं."